मेल आली का, ताई?

शाळेच्या ऑफिसात दोन गोष्टी आपोआप साठतात. एक धूळ आणि दुसरे किस्से. धूळ आमचे शिपाई मारुतीमामा रोज सकाळी झाडून काढतात. किस्से मात्र कुणी झाडत नाही. उलट नवीन माणूस चहाला बसला, की कुणीतरी म्हणतंच, "ताई, ती मेलची गोष्ट सांगा की!" मग एकीतून दुसरी निघते, दुसरीतून तिसरी, आणि चहा गार होतो.

मी या शाळेत क्लार्क. शाळा विंझरच्या थोडी पुढं, वेल्ह्याच्या रस्त्याला. मी वरव्याहून स्कूटरनं येते-जाते. ऑफिसात कॉम्प्युटर एकच, तोही माझ्या टेबलावर. त्यामुळं शाळेत येणारी आणि शाळेतून जाणारी प्रत्येक मेल माझ्या डोळ्यांखालून जाते. म्हणजे मी पोस्टमनच! फरक एवढाच, की पोस्टमनला दिवाळी मिळायची.

*

मेलवरून कारभार सुरू झाला तेव्हा सगळ्यात जास्त त्रास आमच्या हेडसरांना झाला. माणूस शिस्तीचा. ज्या कागदावर सही-शिक्का नाही तो कागदच नव्हे, असं त्यांचं ठाम मत.

त्यांची मेल पाठवायची पद्धत अशी. आधी मजकूर स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहायचा. मग मी तो टाइप करायचा. मग प्रिंट काढायची. तिच्यावर सही, शिक्का, जावक क्रमांक. मग ती स्कॅन करून मेल करायची. मग पाठवलेल्या मेलची पुन्हा प्रिंट काढून फाईलला लावायची. आणि सगळ्यात शेवटी फोन करून विचारायचं, "मेल पोचली का?"

एकदा तालुक्याच्या साहेबांना तातडीची माहिती पाठवायची होती. मी रजेवर होते. हेडसरांनी धीर करून स्वतःच मेल केली. पत्त्यात टिंबाच्या जागी स्वल्पविराम पडला. मेल गेली तशी परत आली, सोबत इंग्रजीत भलामोठा मजकूर. त्यातला 'डिलिव्हरी' हा पहिला शब्द वाचून हेडसर खूश झाले. "डिलिव्हरी असं आलंय. पोचली म्हणजे!"

तरी स्वभाव जाईना. खबरदारी म्हणून त्यांनी प्रिंट मारुतीमामांच्या हातात दिली आणि त्यांना एसटीनं वेल्ह्याला पाठवलं.

मामा साहेबांपुढं जाऊन उभे राहिले. साहेब म्हणाले, "तुमच्या शाळेची मेल आलेली नाही."

मामांनी टोपी सारखी केली, पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आली न्हाई कशी सायेब? म्याच मेल! एसटीनं आलोय!"

साहेब इतके हसले, की त्यांनी मामांना खुर्ची दिली आणि चहा मागवला. आजही मामा त्या दारात दिसले की आतून आवाज येतो, "मेल आली रे, चहा सांगा!"

*

हेडसरांना 'टू' समजलं, पण 'सीसी' आणि 'बीसीसी' काही केल्या समजेना. शेवटी गणिताच्या कदम सरांनी खडू खाली ठेवला.

"सर, लग्न धरा. 'टू' म्हणजे नवरदेव. सगळा खटाटोप त्याच्यासाठी. 'सीसी' म्हणजे वऱ्हाड. त्यांनी फक्त बघायचं आणि जेवायचं. आणि 'बीसीसी' म्हणजे खिडकीआडून बघणाऱ्या शेजारणी. बघतात सगळं, पण दिसत कुणालाच नाहीत!"

हेडसरांनी ते वहीत टिपून घेतलं. मग मला म्हणाले, "ताई, यापुढं मला कायम वऱ्हाडात टाकत चला. नवरदेव झालं की निस्तरावं लागतं!"

*

आमच्या संस्थेची दुसरी शाळा हिर्डोशीच्या बाजूला आहे, वरंध घाटाच्या वाटेवर. तिथं कांबळे मॅडम विज्ञान शिकवतात. त्या भोरच्या. बदली झाली तेव्हा सगळे म्हणाले, टिकायची नाही पोरगी. पावसात धुकं असं उतरतं, की फळ्यावरचं अक्षर दिसत नाही. आणि मोबाईलची रेंज शोधायची तर डोंगर चढायचा.

मॅडमनी डोंगर चढला नाही. त्यांनी एसटी गाठली.

सकाळची गाडी भोरला निघाली की मॅडम स्टॉपवर उभ्या. रात्री लिहून ठेवलेल्या मेल मोबाईलमध्ये 'पाठवा' करून अडकून पडलेल्या असायच्या. तो मोबाईल त्या कंडक्टरकडं द्यायच्या. गाडी धरणाच्या कडेच्या वळणावर आली की रेंज यायची, मेल सुटायच्या, आलेल्या मेल आत यायच्या, आणि परतीच्या फेरीला मोबाईल पुन्हा मॅडमच्या हातात. कंडक्टर मोठा हौशी. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातात मॅडमचा मोबाईल. वळण आलं की गाडीतल्या बायका ओरडायच्या, "गेली का वो मास्तरीणबाईंची?"

मॅडम मुलांना घेऊन ओढ्यातल्या खेकड्यांचा, माशांचा अभ्यास करत होत्या. तो प्रकल्प पुण्याच्या विज्ञान प्रदर्शनाला पाठवायचा होता. त्यांनी सगळे फोटो एकाच मेलमध्ये भरले. त्या दिवशी गाडी परत आली तेव्हा कंडक्टर खिडकीतून मान बाहेर काढून गंभीर चेहऱ्यानं म्हणाला,

"मॅडम, बाकीच्या गेल्या. एक न्हाई गेली. लई जड हाय."

"त्यात खेकड्यांचे फोटो आहेत सगळे!"

"मग आदी सांगायचं न्हाई व्हय? लगेज फाडलं असतं!"

मॅडमनी फोटो वाटून तीन मेलमध्ये घातले. दुसऱ्या दिवशी तिन्ही गेल्या. खेकडे पुण्याला पोचले, मागोमाग मुलंही पोचली. त्यांतल्या निम्म्यांनी पुणं पहिल्यांदाच पाहिलं.

*

त्याच प्रदर्शनाचं आमच्या बाजूचं काम कदम सरांकडं होतं. सरांना इंग्रजी मेल लिहायची भारी हौस. त्यांनी कांबळे मॅडमना झोकात लिहिलं, 'प्लीज फाइंड अटॅच्ड', म्हणजे सोबत जोडलेली यादी पाहावी. आणि यादी जोडायलाच विसरले.

एसटीच्या वाटेनं उत्तर आलं. मराठीत.

"सर, आपण शोधा म्हणालात. मी शोधलं, मुलांनी शोधलं, शिपायांनी कपाटामागंही पाहिलं. सापडलं नाही. कुठं ठेवलंय तेवढं कळवावं."

कदम सर कानापर्यंत लाल झाले! पुढच्या मेलमध्ये त्यांनी माफी मागितली आणि त्या गडबडीत पुन्हा जोडायचं विसरले. मॅडमचं उत्तर: "आज ओढ्यातही पाहिलं. खेकडे नाही म्हणाले."

नंतर नंतर मला शंका यायला लागली, की गणिताचा माणूस, ज्याला वर्गातल्या प्रत्येक पोराचे मार्क तोंडपाठ, तो नेमका एवढंच कसा विसरतो? पण पोस्टमननं पत्रं वाचू नयेत. वाचली तर बोलू नये!

कदम सर आणि कांबळे मॅडमच्या लग्नाला दोन्ही घरं लगेच तयार झाली असं नाही. कदम सरांच्या वडिलांनी तर बोलणंच टाकलं. मग हेडसर त्यांच्याकडं जाऊन बसले. पहिल्यांदा नुसता चहा पिऊन परत आले. पुन्हा गेले. भाताची, पावसाची, जनावरांची चौकशी करून परत आले. पुढच्या वेळी वडील स्वतःच म्हणाले, "सर, तुमी काय भात बघाया येत न्हाई, म्हाईत हाय मला. पोरगी कशी हाय ते सांगा."

हेडसर म्हणाले, "हिर्डोशीत टिकली."

एवढंच बोलले. वडिलांनी पान लावलं आणि हेडसरांपुढं केलं.

महिन्याभरानं सगळ्या स्टाफला कदम सरांची मेल आली. 'आमच्या विवाहास अगत्य येण्याचे करावे. सोबत पत्रिका जोडली आहे.'

पत्रिका नव्हती!

*

एका वर्षी आमच्या शाळेची वेळ बदलली. सुटायची वेळ थोडी पुढं गेली, आणि वरच्या वाडीच्या मुलींची एसटी शाळा सुटायच्या आधीच जायला लागली. पुढची गाडी पार अंधार पडल्यावर. वाडीपर्यंत चालत जायचं तर मधे रान. काही घरांतून बोलणं सुरू झालं, की पुरे झाली आता शाळा.

हेडसरांनी डेपोला अर्ज लिहायला घेतला. 'उपरोक्त विषयास अनुसरून' इथपर्यंत आले, आणि वेल्ह्याला मीटिंग निघाली. अर्ज टेबलावर राहिला.

दुपारी दहावीतली मनीषा आणि तिच्या तीन-चार मैत्रिणी ऑफिसात आल्या. "ताई, आमी लिव्हली तर चालंल का मेल?"

मी खुर्ची दिली. एकीनं सांगायचं, दुसरीनं एकेक अक्षर शोधून टाइप करायचं, तिसरीनं काना-मात्रा बघायच्या. तास गेला. मेल अशी होती:

"साहेब, आमची शाळा पावणेपाचला सुटते. तुमची गाडी साडेचारला जाते. गाडी थोडी थांबली तर आम्ही बारावीपर्यंत शिकू. नाही थांबली तर दिवाळीनंतर आम्ही घरी. कळावे."

हेडसर परत आले, त्यांनी ती वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मला वाटलं, आता 'उपरोक्त' कुठं आहे म्हणून विचारणार. ते म्हणाले, "पाठवा. माझा अर्ज फाडून टाका."

आठवडा गेला. उत्तर काही आलं नाही. मनीषा रोज मधल्या सुट्टीत दारात येऊन विचारायची, "मेल आली का, ताई?" मी नाही म्हणायचे आणि ती नुसती मान हलवून जायची. मला तिच्याकडं बघवत नव्हतं.

मग एका सोमवारी शाळा सुटली, मुली दप्तरं घेऊन नेहमीसारख्या चालायच्या तयारीनं फाटकाबाहेर पडल्या, तर रस्त्याला लाल गाडी उभी! इंजिन चालू. ड्रायव्हर दारातून अर्धा बाहेर आलेला, मिशीला पीळ देत सगळ्या पोरींकडं बघतोय.

"बारावीपर्यंत शिकणाऱ्या कोण त्या?" तो ओरडला. "चढा बिगी बिगी!"

*

आता हेडसरांच्या पासवर्डची गोष्ट.

शाळेची जुनी मेल होती, तिचा पासवर्ड हेडसरांनी कुणालाही न सांगता बदलला. सुरक्षेसाठी! आणि विसरले. आत मुलांच्या शिष्यवृत्तीची कागदपत्रं अडकलेली, मुदत दुसऱ्या दिवशी संपणारी. कॉम्प्युटर म्हणाला, पासवर्ड आठवत नसेल तर तुम्ही ठरवलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या. प्रश्न होता: तुमच्या पहिल्या शिक्षकाचं नाव काय?

"सोपं आहे! विश्वनाथ गुरुजी!" हेडसरांनी इंग्रजीत नाव टाइप केलं. चूक. स्पेलिंग बदललं. चूक. आता एकच संधी उरली होती. हेडसरांच्या कपाळावर घाम.

मी म्हटलं, "सर, गुरुजी आहेत ना भोरला? त्यांनाच विचारा की."

 गुरुजींना भेटून हेडसरांना कितीतरी वर्षं झाली होती. आज जाऊ, उद्या जाऊ, असं म्हणता म्हणता राहून गेलेलं. इकडून तिकडून नंबर मिळवला आणि फोन लावला. पलीकडून आवाज आला तसे हेडसर ताडकन उभे राहिले! साठीकडं झुकलेला माणूस, फोन कानाला लावून सावधान!

"गुरुजी, मी दत्ता. वाण्याच्या आळीतला."

"दत्ता? एकोणतीसचा पाढा पाठ झाला का?"

"झाला, गुरुजी."

"म्हण."

हेडसरांनी म्हटला! मी आणि मारुतीमामा भिंतीकडं तोंड करून उभे होतो, हसू दिसायला नको म्हणून. पाढा संपल्यावर हेडसरांनी कसंबसं स्पेलिंग विचारलं.

"व्ही आय एस एच, आणि पुढं पुन्हा व्ही," गुरुजी म्हणाले. "डब्ल्यू नाही. डब्ल्यू मला आवडत नाही. फळ्यावर लिहून दाखवलं होतं तुम्हाला."

मेल उघडली. हेडसरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "गुरुजी, फार मोठं काम झालं. मुलांची शिष्यवृत्ती होती. पासवर्ड विसरलो होतो मी."

 मग गुरुजी म्हणाले,

"असं कर दत्ता, अधूनमधून विसरत जा."

*

आणि आता तारामावशींची मेल.

तारामावशी आमच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवतात. नवरा लवकर गेला, एकच मुलगी, रूपाली. आमच्याच शाळेत शिकली, नर्स झाली, आणि दोन वर्षांपूर्वी परदेशात एका हॉस्पिटलात लागली. तिथं बर्फ पडतो. मावशींनी बर्फ पाहिलेला तो फक्त लग्नातल्या सरबतात.

सुरुवातीला रूपाली फोन करायची. पण ते जमेना. मावशींनीच मला सांगितलं, "फोनवर ती रडती. ती रडती म्हनून म्या रडती. तिची डूटी ऱ्हाती, माजी खिचडी करपती. म्या म्हनलं, रूपे, आता फोन बंद. आयतवारी तेवढा करायचा."

रविवार ते रविवार फार लांब असतो. मावशींचा मोबाईल बटणांचा. म्हणून मी शाळेच्या कॉम्प्युटरवर त्यांची मेल काढून दिली. मुलांची जेवणं उरकली, भांडी घासून झाली, की पदराला हात पुसत मावशी ऑफिसात येतात. माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसतात.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "सांगा मावशी, काय लिहू?"

मावशींनी खूप विचार केला.  खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाल्या, "काय बी नगं लिव्हू. तशीच धाड."

"अहो, कोरी?"

"कोरी. गेली म्हंजी म्या हाय. तिची आली म्हंजी ती हाय. आनकी काय लागतं?"

मी कोरी मेल पाठवली. दुसऱ्या दिवशी रूपालीचं उत्तर आलं. तेही कोरं! मावशींनी पडद्यावर तिच्या नावाला बोट लावलं आणि म्हणाल्या, "आली बग!"

तेव्हापासून रोज एक कोरी जाते आणि एक कोरी येते. बटण कुठलं दाबायचं ते मावशी आता स्वतः शिकल्यात. मला हातही लावू देत नाहीत.

गेल्या थंडीत मात्र एके दिवशी रूपालीची मेल आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी फोन लावून बघितला, लागला नाही. मावशी तशाच यायच्या, स्टुलावर बसायच्या, आपली कोरी पाठवायच्या आणि उठून जायच्या. तिसऱ्या दिवशी खिचडीत मीठ नव्हतं. अख्ख्या शाळेनं ती खाल्ली, एक पोरगं बोललं नाही. हेडसर, जे कधी कॉम्प्युटरला आपणहून हात लावत नाहीत, ते तासातासाला येऊन पडद्यात डोकावत होते. मारुतीमामा झाडलेलीच फरशी पुन्हा झाडत होते.

दुपारी मेल आली. आणि पहिल्यांदाच तिच्यात मजकूर होता! मी किंचाळलेच. मामा धावत जाऊन मावशींना घेऊन आले. मावशींचे हात राखेनं भरलेले.

मी मोठ्यानं वाचलं. "आई, इथं मोठं वादळ झालं. वीज नव्हती, फोन बंद होते. मी हॉस्पिटलातच होते, पेशंट सोडून येता आलं नाही. मी बरी आहे. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, आणि आता मला वॉर्डची प्रमुख केलंय. मेमध्ये सुट्टी मिळाली आहे, मी येते."

हेडसरांनी टाळी वाजवली. मामांनी डोळे पुसले. मी मावशींकडं बघितलं. त्या पडद्याकडंच बघत होत्या.

"म्हंजी आली न्हवं?"

"आली, मावशी! केवढी मोठी आली!"

"मंग झालं तर."

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि स्टुलावर बसल्या. मी म्हटलं, "मावशी, आज तरी काहीतरी लिहू या. एवढी चांगली बातमी आहे. तुम्ही सांगा, मी लिहिते."

मावशींनी मान हलवली आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर रोज विचारतो तसंच त्यानं विचारलं. ते मी त्यांना रोज वाचून दाखवते, तसंच दाखवलं: "विषय नाही, मजकूर नाही. तरी पाठवायची का?"

तारामावशी पडद्याकडं बघून हसल्या.

"व्हय रं बाबा," त्या म्हणाल्या, "धाड तू."